लेन्स घ्यायला गेले आणि पापणीतला मोरपंखी धागा काढून आले: साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका चष्म्याच्या दुकानाचा अनुभव

शिवणकाम करणाऱ्या, त्यातही कॉन्टॅक्ट लेन्स घालून मशीनवर बसणाऱ्या बायकांसाठी मुद्दाम एवढं सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव टाकत नाही कारण दुकानवाल्या काकांनीच नको म्हणून सांगितलंय, त्यांच्याकडे आधीच गर्दी असते आणि तपासायला एकच जण आहे. पण साताऱ्यात कोणाला हवं असेल तर विचारा, सांगेन.

मी पंधरा वर्षं घरी ब्लाउज, ड्रेस, घागरे शिवते. दोन शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधायचं मशीन), खोली दहा बाय बाराची, एक खिडकी. नंबर मायनस साडेतीन, दोन्ही डोळ्यांना. चष्म्यावर काम करायचा फार कंटाळा, मान खाली घातली की नाकावरून घसरतो, उन्हाळ्यात घामाने काच धुरकट होते, म्हणून चार वर्षांपासून महिनाभर चालणाऱ्या लेन्स लावत होते, त्यासुद्धा ऑनलाइन मागवून, कोणी तपासून दिलेल्या नाहीत. तुळशीची लग्नं झाली की आमच्याकडे कामाचा नुसता पूर येतो, यंदा सगळं नेट, जॉर्जेट, सॅटिन, ऑर्गेंझा, सुती कापड बघायला मिळत नाही. सकाळी आठला लेन्स लावायची ती रात्री अकराला काढायची असं दोन महिने चाललं होतं.

आणि मग उजवा डोळा खुपायला लागला. आधी वाटलं झोप कमी पडतेय. मग पापणी मिटली की आत खडा रुतल्यासारखं, उघडी ठेवली की बरं. पाणी यायचं, सकाळी लाल. एका ठिकाणी दाखवलं तर तिथे डोळा टॉर्चने दोन सेकंद बघितला आणि ड्रॉप्सची बाटली हातात दिली, ॲलर्जी आहे म्हणाले. आठ दिवस ते ड्रॉप्स घातले, तेसुद्धा लेन्सवरूनच, कोणी सांगितलंच नाही की लेन्स काढून घालायचे असतात. खुपणं काही थांबलं नाही. शेवटी माझ्या एका गिऱ्हाईकाने, शिक्षिका आहेत त्या, या दुकानाचं नाव सांगितलं. म्हणाल्या वेळ लागतो तिथे पण बघतात नीट.

मी गेले ते खरं तर नवीन लेन्सची जोडी घ्यायला. म्हटलं जुनी खराब झाली असेल म्हणून टोचत असेल. दुकान छोटं आहे, पुढे काउंटर, मागे काचेच्या दारापलीकडे तपासायची खोली, आणि त्याच्याही मागे काका भिंगं घासतात ते मशीन. काका साठीच्या पुढचे आहेत, तपासतात त्यांच्या सूनबाई, ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासायचं शिक्षण घेतलेल्या. मी मॅडमच म्हणते, त्या मला ताई म्हणतात.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो, लेन्स आत्ता डोळ्यात आहे का. हो म्हटल्यावर काढायला लावली आणि वीस मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. मला आधी राग आला, घरी कापड कापून ठेवलेलं, पण त्यांनी समजावलं की आता डोळ्यात एक रंग लावणार आहे, मऊ लेन्स डोळ्यात असेल तर ती तो रंग शोषून घेते आणि पिवळी होऊन वाया जाते, आणि दुसरं म्हणजे लेन्स काढल्या काढल्या डोळ्याची खरी अवस्था दिसत नाही. मग एक कागदाची पट्टी, टोकाला केशरी रंग असतो, ती थेंबभर पाण्याने ओली करून खालच्या पापणीला लावली, आणि मशीनपुढे हनुवटी टेकवून बसवलं. निळा उजेड टाकला. त्या मशीनला कॅमेरा आहे आणि समोर स्क्रीन, त्यामुळे मी दुसऱ्या डोळ्याने स्वतःचाच डोळा बघत होते.

बुबुळावर वरच्या बाजूला उभ्या उभ्या हिरव्या रेघा होत्या. चार-पाच तरी असतील, एकीशेजारी एक, जसं बोथट सुईने सॅटिनवर ओरखडे उठतात ना अगदी तसं. मॅडम म्हणाल्या, ताई, या उभ्या रेघा बघितल्या का, म्हणजे वरच्या पापणीच्या आत काहीतरी अडकलंय, तुम्ही पापणी मिटता-उघडता तसं ते वरखाली घासतंय. मग काडीवर पापणी उलटी केली, दुखत नाही पण विचित्र वाटतं, आणि तिथे कडेपासून जरा आत, मोरपंखी रंगाचा एक केसासारखा धागा. ओल्या कापसाच्या काडीने एका फटक्यात काढला.

तो धागा त्यांनी पांढऱ्या टिश्यूवर ठेवला आणि शेजारी दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायची मिलिमीटरची पट्टी ठेवली. जेमतेम दोन मिलिमीटर. मी बघताक्षणी ओळखला. दोन आठवड्यांपूर्वी एका मुलीच्या संगीतसाठी मोरपंखी जॉर्जेटचा घागरा शिवला होता, बारा मीटरचा घेर, सगळा ओव्हरलॉक केलेला. ओव्हरलॉकला पातं असतं, ते कडा कापत जातं आणि कापलेल्याचा भुगा उडत राहतो, नाकात जातो, केसात बसतो, संध्याकाळी मशीन उघडलं की आत गादी झालेली असते. तो डोळ्यातही जात असणार हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मॅडमनी विचारलं, हे कापड कसलं? म्हटलं पॉलिस्टर, आता जॉर्जेट म्हणून जे मिळतं ते बहुतेक सगळं पॉलिस्टरच. तर म्हणाल्या, मग ताई हे प्लास्टिकच आहे, आणि पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे त्याला मायक्रोप्लास्टिकच म्हणायचं.

मला तो शब्द माहीत होता, समुद्रात, माशांच्या पोटात वगैरे. पण तो आपल्या घरातल्या मशीनमधून निघून आपल्याच पापणीत बसतो हे ऐकून मी गप्पच झाले. आम्हा शिवणकामवाल्यांना खरं तर हे कोणी सांगायला नको. कापड कसलं आहे हे बघायचं असेल तर आम्ही धागा जाळून बघतो, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, आणि पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला काळी कडक गोळी होते, प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. त्या रात्री घरी येऊन मी त्या घागऱ्याचा उरलेला तुकडा जाळून बघितला. गोळीच झाली. इतकी वर्षं हे करतेय आणि वितळतंय म्हणजे ते प्लास्टिक आहे हा विचार डोक्यात आला नव्हता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवशी त्यांनी मला लेन्स विकलीच नाही. मी पैसे काढून बसले होते. म्हणाल्या, बुबुळावर ओरखडे आहेत, त्यावर लेन्स घातली तर जंतू धरतील, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, मी चिठ्ठी लिहून देते. चिठ्ठीत रेघांचं छोटं चित्रसुद्धा काढून दिलं. तपासणीचे तीनशे घेतले फक्त. डॉक्टरांनी ती चिठ्ठी बघून लगेच ओळखलं, पाच दिवस अँटिबायोटिकचे ड्रॉप्स, दोन आठवडे लेन्स बंद. तिसऱ्या दिवशी खुपणं गेलं. दोन आठवड्यांचं दुखणं एका काडीने गेलं, आणि जे दुकान त्या दिवशी मला दोन-अडीच हजारांचा माल सहज विकू शकत होतं त्याने तो विकला नाही, म्हणून पाचपैकी पाच द्यायला मी तयार आहे, बाकी तक्रारी खाली लिहिते आहेच.

घरी बसून होते तेव्हा या विषयावर बरंच वाचलं, भाचीने शोधून दिलं, ती मायक्रोबायोलॉजी करते. मायक्रोप्लास्टिक हा शब्द या अर्थाने २००४ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या समुद्रातल्या प्लास्टिकवरच्या पेपरमुळे रूढ झाला. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ जणांचं रक्त तपासलं तर १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं, त्यात बाटल्यांचं पीईटी होतंच. आणि पीईटी म्हणजे पॉलिस्टरच, पाण्याची बाटली आणि माझं जॉर्जेट एकाच जातीचं, हे मला तेव्हा कळलं. डोळ्याबद्दलही संशोधन सुरू झालंय. चीनमध्ये डोळ्याच्या पडद्याची ऑपरेशनं झालेल्या ४९ जणांच्या डोळ्यातला तो जेलीसारखा भाग असतो, व्हिट्रियस, तो तपासला तर त्यात नायलॉन, पीव्हीसी, पॉलिस्टायरिनचे कण मिळाले, बहुतेक डोळ्याला न दिसणारे. उंदरांच्या डोळ्यात पॉलिस्टायरिनचे बारीक कण थेंबातून घातले तर त्यांचे अश्रू कमी झाले, अश्रूंना चिकटपणा देणाऱ्या पेशी कमी झाल्या, म्हणजे आपल्याकडे कोरडे डोळे म्हणतात तसं झालं.

हे वाचून मी घाबरले होते, खोटं का बोला. डोळा परत दाखवायला गेले तेव्हा मॅडमना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी फार छान समजावलं, उडवून लावलं नाही आणि भीतीही घातली नाही. म्हणाल्या, उंदरांना जे घातलं ते मोजून मुद्दाम घातलं, आणि माणसाच्या डोळ्यात कण सापडले म्हणजे त्या कणांनीच आजार केला असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. पण तुमच्या डोळ्यात जो धागा होता त्याने ओरखडे काढले हे आपण दोघींनी डोळ्यांनी बघितलं, ते टाळणं आपल्या हातात आहे. मला हे पटलं. न दिसणाऱ्या कणाचं काय ते शास्त्रज्ञ बघतील, दिसणाऱ्या धाग्याचं आपण बघावं.

डोळा स्वतः स्वतःला कसा साफ करतो तेही त्यांनी सांगितलं. अश्रूंचा एक पातळ थर बुबुळावर असतो, पापणी मिटली की वायपरसारखा तो पुसून नवा पसरतो, कचरा नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात ढकलला जातो. साधारण मिनिटाला पंधरा वेळा पापणी हलते. पण आपण सुईत धागा ओवताना, हूक लावताना, मोबाइल बघताना एकटक बघतो, तेव्हा पापणी निम्म्याहून कमी हलते. म्हणजे उडणारा भुगा सगळ्यात जास्त जेव्हा समोर असतो तेव्हाच आपला वायपर बंद. त्यात लेन्स म्हणजे त्या अश्रूंच्या थरात तरंगणारी वाटी, तिच्याखाली धागा गेला की तो धुवून जायला वाटच राहत नाही, दिवसभर तिथेच.

लेन्ससुद्धा प्लास्टिकच की, मग ती झिजत नाही का, असं मी विचारलं. तर २०२३ साली त्यावरही एक पेपर आलाय. लेन्स पाण्यात ठेवून त्यावर उन्हासारखा उजेड टाकला तर त्यातून कण सुटतात, आणि रोज दहा तास लेन्स वापरणाऱ्याचा हिशोब केला तर वर्षाला ९० हजारांच्या वर कण होतात असा अंदाज काढलाय. आकडा मोठा आहे. मॅडमचं म्हणणं, हा प्रयोगशाळेतला हिशोब आहे, खऱ्या डोळ्यावर पापणीची सावली असते, अश्रू वाहत असतात. पण यातून घ्यायची गोष्ट साधी आहे, महिन्याची लेन्स महिन्यालाच टाका, अजून चांगली दिसतेय म्हणून दीड महिना ओढू नका, आणि रणरणत्या उन्हात गॉगल घाला. मी महिन्याची लेन्स दोन-दोन महिने वापरायचे. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, पण चेहरा पडला त्यांचा, तो मला लक्षात राहिला.

शेवटी ठरलं असं. मशीनवर बसताना चष्मा, आणि लग्नकार्य, फंक्शन वगैरे असेल तेव्हाच रोजच्या रोज टाकून द्यायच्या लेन्स. चष्म्यासाठी त्यांनी जरा मोठी, गालाजवळ बसणारी, नाकाला सिलिकॉनच्या गाद्या असलेली धातूची फ्रेम काढून दिली आणि कानामागची काडी गरम करून अशी वाकवली की मान कितीही खाली घातली तरी घसरत नाही. दुकानातच मला मशीनवर बसल्यासारखं वाकायला लावून तीन वेळा परत परत बसवली. चार वर्षं मी ज्या कारणासाठी चष्मा सोडला ते कारण दहा मिनिटांत गेलं. आधी कोणी एवढं बसवून दिलंच नव्हतं.

लेन्स घालायची कशी हे मला येतं असं मला वाटत होतं. मॅडमनी समोर बसवून करायला लावलं तर पहिल्याच पायरीला चुकले, हात धुऊन मी टॉवेलला पुसले. त्यांनी माझं बोट त्या मशीनखाली धरून स्क्रीनवर दाखवलं, बोटाच्या टोकावर टॉवेलचे दोन केस चिकटलेले. तेच बोट लेन्सला, लेन्स डोळ्याला. आता मी जुन्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलच्या तुकड्याला हात पुसते, कडा दुमडून शिवलेला, धागे सुटत नाहीत. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, लेन्स घालून पोहायचं नाही, पाण्यातल्या एका अमिबाने बुबुळाचं फार वाईट इन्फेक्शन होतं, हेही परत परत सांगितलं. हे प्लास्टिकपेक्षा कितीतरी मोठं संकट आहे असं त्या स्वतः म्हणाल्या, आणि मला आवडलं की त्यांनी चर्चेत असलेल्या विषयाच्या नादात हे मागे टाकलं नाही.

ड्रॉप्सबद्दलही एक गोष्ट, जी मला आजवर कोणत्याही मेडिकलवाल्याने सांगितली नाही. कोरडेपणासाठी ते प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांमधले, प्रिझर्वेटिव्ह नसलेले ड्रॉप्स मिळतात ना, टोक पिळून तोडायचे. ते तोडल्यावर पहिला थेंब बाहेर टाकायचा आणि दुसरा डोळ्यात घालायचा, कारण तोडताना तोंडाशी प्लास्टिकचा कीस निघू शकतो आणि तो पहिल्या थेंबाबरोबर जातो. त्यांनी एक कुपी तोडून भिंगाखाली दाखवली, तोंडाची कड खरंच करवतीसारखी दिसत होती. मग मला प्रिझर्वेटिव्ह नसलेलीच पण मोठी बाटली सुचवली, म्हणजे रोज दोन-दोन कुप्यांचा कचरा पण नको. आणि कुपी असो की बाटली, टोक पापणीला टेकवायचं नाही.

ग्लिटरचा विषय मीच काढला. आमच्याकडे लग्नाच्या कामात ग्लिटर नेट असतं, ते शिवलं की मशीन, टेबल, हात सगळं चमचमत राहतं, आठवडाभर जात नाही. ग्लिटर म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियमचा थर देऊन षटकोनी कापलेले तुकडे, आणि कापलेले म्हणजे कड धारदार. धागा निदान मऊ असतो, हे डोळ्यात गेलं तर चिरतंच. युरोपियन युनियनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून सजावटीच्या सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदी आलीय. आपल्याकडे हळदीला, संगीतला पापणीवर सर्रास लावतात आणि वर लेन्स घातलेली असते. मी आता माझ्या गिऱ्हाईक मुलींना सांगते, घागऱ्यावर हवं तेवढं लावून देते, पापणीच्या कडेला लावू नका. दोघीतिघींनी ऐकलं. एकीच्या आईने मलाच सुनावलं की तू शिवायचं बघ. असो.

आता त्या मागच्या मशीनबद्दल लिहिते, कारण मला या दुकानाचं खरं कौतुक तिथे वाटलं. चष्मा तयार होईपर्यंत काकांजवळ जाऊन उभी राहिले. गोल भिंग मशीनमध्ये लावतात, ते फ्रेमच्या आकाराचं घासून काढतं, वरून पाण्याची धार चालू. भिंगं पूर्वी काचेची असायची, आता बहुतेक सगळी प्लास्टिकची. म्हणजे घासून जे निघतं ते प्लास्टिकचं पीठच, पाण्यात मिसळून दुधासारखं पांढरं होतं. मला लगेच माझं ओव्हरलॉक दिसायला लागलं. विचारलं, काका, हे पाणी कुठे जातं? काका म्हणाले, पूर्वी मोरीतच जायचं, बरीच वर्षं तेच केलं, कोणी विचारलं नाही. आता मशीनखाली टाकी ठेवलीय, पाणी कापडाच्या पिशवीतून गाळून परत फिरवतात, पिशवीत साचलेला गाळ वाळवून बांधून कोरड्या कचऱ्यात देतात. वाळलेला गाळ हातात दिला माझ्या, रांगोळीसारखा लागतो, पण हलका. एका दिवसात किती भिंगं घासता विचारलं तर म्हणाले सीझनला तीस-पस्तीस. आणि सगळी दुकानं मिळून किती होत असतील याचा विचार मी घरी येईपर्यंत करत होते.

काउंटरवर एक बरणी पण आहे, वापरलेल्या लेन्स आणि त्यांची पाकिटं टाकायला. २०१८ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी पाहणी केली तर लेन्स वापरणाऱ्यांपैकी १५ ते २० टक्के लोक लेन्स बेसिनमध्ये किंवा संडासात टाकतात असं निघालं, आणि सांडपाण्याच्या प्रक्रियेत त्या विरघळत नाहीत, नुसत्या तुकडे-तुकडे होतात. मी पण चार वर्षं बेसिनमध्येच टाकायचे, एवढीशी तर असते म्हणून. काका खरं बोलतात हे बरं वाटलं, म्हणाले पाकिटाचं प्लास्टिक भंगारवाला नेतो, लेन्स कोणी घेत नाही, त्या कचऱ्यातच जातात, पण निदान नदीत जात नाहीत.

चष्म्याबरोबर पुसायला जो चौकोनी कपडा देतात तो मी घरी येऊन जाळून बघितला, सवयच लागली. गोळी झाली, तोही पॉलिस्टर-नायलॉनचा. पुढच्या वेळी काकांना सांगितलं तर त्यांनाही माहीत होतं. म्हणाले भिंगाचं कोटिंग साध्या कापडाने खरवडतं म्हणून तो लागतोच, पण आधी भिंग पाण्याखाली धरायचं, मग टिपायचं, आणि त्या कपड्याने लेन्सचं बोट कधी पुसायचं नाही.

खर्च सांगते. तपासणी तीनशे, फ्रेम आणि भिंगं मिळून अडतीसशे, रोजच्या लेन्सचा तीसचा डबा सोळाशे, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे पंधराच दिवस. ऑनलाइन शे-दोनशेने स्वस्त मिळतं, हे खरं आहे. पण ऑनलाइनवाल्याने माझी पापणी उलटी करून बघितली नसती.

तक्रारी पण आहेत. फोन उचलत नाहीत, दहा वेळा केला तर एकदा. चष्मा गुरुवारी देतो म्हणाले आणि मिळाला सोमवारी, त्या चार दिवसांत मी जुन्या ओरखडलेल्या चष्म्यावर दोन नवऱ्या मुलींचे ब्लाउज शिवले, डोकं दुखून आलं. बसायला दोनच खुर्च्या, वयस्कर माणसांना उभं राहावं लागतं, हे त्यांनी खरंच बघायला पाहिजे. गाडी लावायला जागा नाही, नाक्यावर लांब लावून चालत या. आणि घाईत असाल तर जाऊच नका, मॅडम एकेकाला पाऊण तास घेतात, तुमच्याआधी चार जण असले तर तुमची सकाळ गेली. अकराच्या आत पोचलात तर बरं पडेल. लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी घालून जाऊ नका, जुना चष्मा आणि जे ड्रॉप्स चालू असतील त्यांची बाटली बरोबर न्या.

माझ्या खोलीत काय बदललं तेही लिहिते, कोणाला उपयोग होईल. मशीन ब्रशने झाडणं बंद केलं, ब्रशने भुगा उडतो फक्त. ओल्या सुती फडक्याने पुसते, ते फडकं बादलीत धुते आणि बादलीचं पाणी गाळून टाकते. ओव्हरलॉकच्या कापणाऱ्या बाजूला छोटी पिशवी अडकवलीय, भुगा त्यात पडतो, पूर्ण नाही पण अर्ध्याच्या वर पडतो. पंखा डोक्यावरचा बंद आणि खिडकीकडे तोंड करून टेबलफॅन, म्हणजे उडालेलं बाहेर... आणि हे लिहिताना परत वाटतंय की बाहेर म्हणजे शेजाऱ्यांच्या गॅलरीत, तर खिडकीला मलमलचा पडदा ओला करून लावते आता. दर अर्ध्या तासाने मान वर करून वीस वेळा पापण्या मिटते, सासूबाई विचारतात काय करतेस, त्यांना धाग्याचं सांगितल्यापासून त्या पण करतात. तीन महिने झाले, डोळा एकदाही लाल झाला नाही.

काकांना मी मांजरपाटाची दुहेरी पिशवी शिवून दिली त्या टाकीसाठी, हे माझ्याकडून. परवा विचारलं तर म्हणाले चांगली चालतेय पण खालून अजून थोडं पांढरं पाणी निसटतं. मांजरपाटाची वीण सैल पडतेय. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे, तोपर्यंत घट्ट विणीच्या पॉपलीनची, तीन पदरी शिवून नेणार आहे, आणि शिलाई आतून दुमडून घेणार म्हणजे टाक्यांच्या भोकातून जाणार नाही.